परंपरा कोणाला विचारून ठरली?



विधवा प्रथांच्या प्रश्नावर गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी अनेकींनी गावोगाव बैठका घेतल्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. तेव्हापासून या विषयावर चारचौघांत बोलणं थोडं सोपं झालं आहे. अशाच एका बैठकीत तीन वाक्यं ऐकायला मिळाली. हे संपादकीय त्या तीन वाक्यांमुळे लिहिलं जात आहे.

पहिलं वाक्य गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांचं. "ताई, हे सगळं परदेशी पुस्तकं वाचून आलेलं आहे. आपल्या धर्मातलं त्या गोऱ्यांना काय कळतं?" दुसरं वाक्य कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचं. ती तावातावाने उठली आणि म्हणाली, "काका, त्या परदेशी अभ्यासकांनीच तर दाखवून दिलंय, की हिंदू धर्मात बाईला जागाच नाही. मनुस्मृती वाचा एकदा." टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "माज्या आजीचा पाट लागला हुता. पयला नवरा पटकीनं गेला तिचा. तवा आमच्यात धरम नव्हता व्हय?"

त्यावर काका काही बोलले नाहीत, आणि मुलगीही काही बोलली नाही. आम्ही कार्यकर्त्यासुद्धा "बरोबर आहे आजी" एवढंच म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळलो. घरी येताना मात्र टोचत राहिलं. काका आणि ती मुलगी एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते, पण एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. हिंदू परंपरा म्हणजे संस्कृत ग्रंथांत जे लिहिलं आहे ते, असं दोघंही धरून चालले होते. आजीच्या आजीचा पाट दोघांच्याही हिशेबात नव्हता. हा हिशेब कोणी मांडला आणि तो आपल्याला इतका स्वाभाविक का वाटतो, याचा विचार आपण करायला हवा. कारण ह्या हिशेबावर कायदे झाले आहेत आणि बायकांची आयुष्यं त्यात अडकली आहेत.

सुरुवात बंगालपासून करावी लागते. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने कंपनी सरकारच्या न्यायदानाची योजना आखली. वारसा, लग्न, जात आणि धार्मिक रिवाज यांबाबत हिंदूंना शास्त्रांप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यायचा असं त्यात ठरलं. वरवर पाहता हे उदार धोरण. लोकांना त्यांच्या धर्माप्रमाणे राहू द्यावं, यात वाईट काय? पण लोकांचा धर्म ग्रंथात असतो, हे आधीच गृहीत धरलेलं होतं. मग ग्रंथ शोधणं आलं. अकरा पंडितांना बसवून एक संग्रह करवून घेतला, त्याचं फारसीत रूपांतर झालं आणि फारसीवरून नॅथॅनिएल हॅल्हेडने १७७६ साली त्याचं इंग्रजी पुस्तक काढलं. पुढे विल्यम जोन्सला पंडितांवर अवलंबून राहणं पटेना. तो स्वतः संस्कृत शिकला आणि १७९४ साली मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. मनूचा ग्रंथ इथे जुनाच होता. त्यावर टीका लिहिल्या जात होत्या, वाद होत होते, आणि शूद्रांना व बायकांना जाचही होत होता. पण साऱ्या हिंदूंचा कायदा म्हणून एक पुस्तक न्यायाधीशाच्या टेबलावर येऊन बसणं, ही गोष्ट नवीन होती.

त्या पुस्तकाचा पाठही एकमेव नव्हता. कलकत्त्यात जो पाठ हाती लागला, तोच पुढे छापील पुस्तकांतून सगळीकडे पसरला. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी पन्नासहून अधिक हस्तलिखितं ताडून २००५ साली मनुस्मृतीची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. हा प्रचलित पाठ सर्वांत विश्वसनीय नव्हता, असं त्यातून पुढे आलं. दोनशे वर्षं कोर्टात, शाळेत आणि भाषणांत ज्याचे दाखले दिले गेले, त्या ग्रंथाची ही गोष्ट आहे.

ग्रंथालाच प्रमाण मानलं की काय होतं, हे सतीच्या वादात फार उघडपणे दिसतं. १७९५ साली कोलब्रूकने सती जाणाऱ्या विधवेच्या कर्तव्यांवर एक निबंध लिहिला आणि त्यात ग्रंथांतली वचनं गोळा केली. १८१३ साली कंपनी सरकारने एक परिपत्रक काढलं. शास्त्राला धरून असलेली सती आणि शास्त्राला सोडून असलेली सती असे दोन प्रकार त्यात पाडले, आणि पहिल्या प्रकाराला सरकारी देखरेखीखाली मुभा दिली. म्हणजे पोलिसाने चितेजवळ उभं राहून बाईचं वय विचारायचं, ती गरोदर नाही ना हे पाहायचं, आणि सगळं शास्त्राप्रमाणे असलं की बाजूला व्हायचं! १८२९ साली बंदी येईपर्यंत हे चाललं. लता मणी यांनी या सगळ्या कागदपत्रांचा बारकाईने अभ्यास केला आहे. १९९८ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी दाखवून दिलं आहे, की इंग्रज अधिकारी, सनातनी आणि सुधारक या तिन्ही बाजू परंपरा नेमकी काय सांगते यावर भांडत होत्या. जळणारी बाई या भांडणात कुठेच नव्हती. तिला वेदना होतात का, तिला जगायचं आहे का, हा प्रश्न कोणाच्याच कागदात मुख्य नव्हता.

याच वादाला एक जोडकथा आहे. सतीला वेदांचा आधार म्हणून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली एक ऋचा दिली जात असे. मूळ शब्द 'अग्रे' म्हणजे 'पुढे' किंवा 'आधी'. त्याच्या जागी 'अग्नेः' असं वाचलं की बायका अग्नीच्या स्थानी जाताहेत असा अर्थ निघतो. विल्सन आणि मॅक्स म्युलर या पाश्चात्त्य पंडितांनी १८५० च्या दशकात हा फरक जगासमोर मांडला. त्यांचं हे काम मोलाचंच होतं. पण समजा, मूळ शब्द खरोखरच 'अग्नेः' निघाला असता तर? तर बाईला जाळणं योग्य ठरलं असतं का? चांगला अभ्यास आपल्या बाजूचा पुरावा देतो तेव्हा आपल्याला आनंद होतो, तो व्हावाही. पण बाईचा जगण्याचा हक्क एका शब्दाच्या पाठावर टांगून ठेवणं आपल्याला परवडणारं नाही. ४ सप्टेंबर १९८७ ला राजस्थानात देवराला इथे रूपकंवर जळाली, तेव्हा 'हे ऐच्छिक होतं की नव्हतं, शास्त्रात आहे की नाही' हीच चर्चा पुन्हा वर्तमानपत्रांतून झाली. दीडशे वर्षांनंतरही प्रश्न विचारण्याची पद्धत तीच होती.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ, आणि आजींच्या पाटाकडेही.

पेशवाई संपल्यावर मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात वेगळी वाट चोखाळली गेली होती. आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे कायदे आणि रिवाज यांची माहिती जमवली. १८२७ साली ती छापून निघाली. शास्त्रीपंडितांबरोबरच निरनिराळ्या जातींच्या प्रमुखांनाही त्यात विचारलं गेलं. त्यामुळे या पुस्तकात पाट आहे, काडीमोड आहे, लग्न मोडल्यावर काय होतं हे आहे. ब्राह्मणेतर अनेक जातींमध्ये विधवेचा पाट लागत होता आणि नवऱ्याशी पटलं नाही तर सुटकेची रीत होती, हे सरकारदप्तरी नोंदलं गेलं. अर्थात, स्टीलने विचारलं तेही पुरुषांनाच. जातीचे प्रमुख म्हणजे पुरुष. पाट लागलेल्या बाईला तिचा अनुभव कोणी विचारला नाही. पण निदान एवढं तरी कबूल झालं, की परंपरा माणसांच्या जगण्यातही असते.

ही वाट पुढे अरुंद होत गेली. कोर्टातल्या शास्त्र्यांनी वर्षानुवर्षं दिलेली उत्तरं गोळा करून रेमंड वेस्ट आणि जर्मन संस्कृतज्ञ गेओर्ग ब्यूलर यांनी १८६७ पासून हिंदू कायद्याचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. कोर्टातली शास्त्र्यांची पदं १८६४ सालीच रद्द झाली होती. आता न्यायाधीश आणि वकील थेट इंग्रजी पुस्तकांवरून हिंदू धर्म वाचू लागले. १८७६ सालच्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाने, नवरा हयात असताना जातीने बाईला दिलेली दुसऱ्या लग्नाची परवानगी ग्राह्य धरायला नकार दिला. ज्या बाईला जातीच्या रीतीप्रमाणे सुटका मिळत होती, ती आता इंग्रजी फौजदारी कायद्याखाली गुन्हेगार ठरू शकत होती.

१८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याचंही असंच झालं. ज्या जातींत विधवांचं लग्न निषिद्ध होतं, त्या बायकांसाठी हा कायदा मुक्तीचा होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांचं ऋण आपण मानतोच. पण याच कायद्यात एक कलम होतं. विधवेने पुन्हा लग्न केलं, की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क, ती मेली असं समजून, संपेल. ज्या जातींत पाट आधीपासून चालत होता, त्यांनाही हे कलम लागू करायचं का? अलाहाबादच्या न्यायालयाने नाही म्हटलं. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या न्यायालयांनी होय म्हटलं. मुंबईच्या पूर्णपीठाचा निकाल १८९६ चा. जातीची रीत काय होती हे पाहण्याची गरजच मग उरली नाही. वरच्या जातीच्या विधवेचा प्रश्न साऱ्या हिंदू विधवांचा प्रश्न झाला आणि त्याचं उत्तरही सगळ्यांवर लादलं गेलं.

इथे कोणी असा अर्थ काढू नये, की पाटाच्या काळात बाई सुखात होती. पाट लग्नापेक्षा खालचाच मानला जाई. तो रात्री उरकला जाई, पाटाच्या बायकोला शुभकार्यात मान नसे. जातपंचायती काय करतात हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे. आमचा मुद्दा इतकाच आहे, की 'हिंदू परंपरेत विधवेला पुन्हा लग्न नाही' हे वाक्य बहुसंख्य कष्टकरी बायकांच्या बाबतीत कधीच खरं नव्हतं. ते खरं मानलं गेलं, कारण विचारणाऱ्यांनी एका भाषेतली पुस्तकं आणि एका वर्गातली माणसं यांनाच विचारलं.

आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. रखमाबाईंचा खटला आपल्याला माहीत आहे. बालपणी लग्न झालेली ही मुलगी नवऱ्याकडे नांदायला जायला तयार नव्हती. १८८४ साली दादाजीने दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिनी यांनी तो फेटाळला, आणि अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही असंही नमूद केलं. वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला आणि १८८७ साली नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. नांदायला लावण्याचा हा दावा आला कुठून? तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आला! आणि लोकमान्य टिळकांसह पुण्यातल्या परंपरानिष्ठांनी रखमाबाईंविरुद्ध हिंदू धर्माच्या नावाने रान उठवलं. इंग्लंडने ही तरतूद १९७० साली आपल्या कायद्यातून काढून टाकली. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ती कलम ९ म्हणून अजूनही आहे. सासरी जीव नकोसा होऊन माहेरी आलेल्या आणि पोटगी मागणाऱ्या बाईवर हे कलम कसं उगारलं जातं, हे कुटुंब सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. नांदायला जाण्याचा हुकूम पाळला नाही एवढ्यावरून बाईची पोटगी नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं, हा दिलासा आहे. पण कलम आहेच. आता सांगा, यातलं पाश्चात्त्य काय आणि आपलं काय?

बाईला खाली ढकलणारी परंपरा जशी ग्रंथांतून काढली, तशी बाईला देव्हाऱ्यात बसवणारी परंपराही ग्रंथांतूनच काढली गेली. वेदकाळात स्त्रिया विदुषी होत्या, गार्गी आणि मैत्रेयी सभेत वाद करत, पुढे परकीय आक्रमणांमुळे अवनती झाली ही कथा आपण शाळेत शिकलो. ही कथा घडवण्यात कोलब्रूक आणि मॅक्स म्युलर यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. राष्ट्रवादी मंडळींनी ती आनंदाने उचलली. अळतेकरांचं १९३८ सालचं पुस्तक या धाटणीचं सर्वांत प्रसिद्ध. उमा चक्रवर्ती यांनी १९८९ च्या एका लेखात साधा प्रश्न विचारला, की वेदातल्या दासीचं काय झालं? गार्गी आठवते, पण दान म्हणून दिलेल्या, युद्धात लुटून आणलेल्या दासी कोणाला आठवत नाहीत. सुवर्णयुग कोणत्या बाईचं होतं? परदेशी पंडितांनी केलेली स्तुती आपल्याकडच्या वरच्या जातींच्या अभिमानाला सोयीची होती, म्हणून ती परकी वाटली नाही. परकी वाटते ती फक्त टीका.

टीकाही निर्मळ नसते, हेही तितकंच खरं. १९२७ साली अमेरिकन पत्रकार कॅथरिन मेयो यांचं 'मदर इंडिया' आलं. बालविवाह, कोवळ्या मुलींची बाळंतपणं आणि विधवांचे हाल यांची वर्णनं करून हा देश स्वराज्याला लायक नाही असा निष्कर्ष त्यात काढला होता. देशभर संताप झाला. त्या वेळी आपल्या आधीच्या पिढीतल्या स्त्रियांनी काय केलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक झाली होती. या बायकांनी मेयोबाईंचा साम्राज्यवादी निष्कर्ष धुडकावला, पण बालविवाह नाहीतच असा कांगावा केला नाही. उलट, आता कायदा करा म्हणून दबाव आणला. १९२९ साली शारदा कायदा झाला. आणि त्याच १९२७ च्या डिसेंबरात, २५ तारखेला, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. तिथे कोणी मूळ पाठ कोणता यावर वाद घातला नाही. माणसाला माणूस न मानणाऱ्या ग्रंथाचा अधिकारच नाकारला गेला. परदेशी निंदा आणि देशी अभिमान या दोहोंच्या मधोमध उभं राहण्याची जागा आपल्याला नव्याने शोधायची नाही. ती या लोकांनी करून ठेवली आहे.

अलीकडच्या काळात हा वाद पुस्तकांवरच्या हल्ल्यांपर्यंत पोचला. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची नासधूस झाली. कारण झालं जेम्स लेन यांच्या शिवाजीवरच्या पुस्तकातला जिजाऊंविषयीचा मजकूर. सरकारने घातलेली बंदी उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेंडी डॉनिगर यांचं 'द हिंदूज' हे पुस्तक प्रकाशकाने दाव्याच्या दबावाखाली बाजारातून मागे घेतलं. या प्रसंगांत आमची भूमिका स्पष्ट आहे. कुचाळक्यांच्या आधारावर एखाद्या स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडत असतील, तर त्यावर आम्ही कडक टीका करू, लेखक देशी असो की परदेशी. पण पुस्तक लगद्यात घालणं आणि हस्तलिखितं फाडणं याला आमचा विरोध आहे. ज्यांना आज डॉनिगरबाईंचं पुस्तक नको आहे, त्यांना ताराबाई शिंद्यांचं १८८२ सालचं 'स्त्रीपुरुष तुलना' तरी कुठे हवं होतं? ते पुस्तक विस्मृतीत गेलं होतं. मालशांनी १९७५ साली पुन्हा छापलं तेव्हा आपल्या हाती पडलं. आज परकीय म्हणून एका बाईचं तोंड बंद केलं जातं, उद्या घरभेदी म्हणून दुसरीचं केलं जाईल.

पाश्चात्त्य अभ्यासक म्हणून एकच गठ्ठा करणंही चूक आहे. काही अभ्यासक ग्रंथालयातून बाहेर पडले. गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर हिंडले, खंडोबाच्या जत्रांना गेले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांवर १९९५ साली पुस्तक लिहिलं. नदीला साडी नेसवणाऱ्या, ओटी भरणाऱ्या, साती आसरांना भिणाऱ्या आणि त्यांनाच साकडं घालणाऱ्या बायका त्यात आहेत. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले गी प्वातवाँ यांनी हेमा राईरकर यांच्याबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून 'पारी'वर त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. सीता, रुक्मिणी, विठोबा सगळे त्यात आहेत, पण पहाटे दळणाऱ्या बाईच्या नजरेतून. हीसुद्धा हिंदू परंपराच. हॅल्हेडच्या अकरा पंडितांना ती माहीत नव्हती, किंवा माहीत असून सांगावीशी वाटली नाही.

इरावती कर्व्यांचं उदाहरण याच्या जोडीला ठेवावं. त्या बर्लिनमध्ये शिकल्या. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाश्चात्त्यांकडून घेतलेल्या पाठचिकित्सेच्या पद्धतीने भांडारकर संस्थेत तयार झाली. त्या आवृत्तीचा आधार घेऊन इरावतीबाईंनी 'युगान्त' लिहिलं आणि गांधारी, कुंती, द्रौपदी यांना माणसं म्हणून पाहिलं. पद्धत कुठून आली यापेक्षा तिच्याने कोणता प्रश्न विचारला, हे महत्त्वाचं ठरलं.

आणि तरीही एक तक्रार उरतेच. चांगल्या हेतूने केलेला अभ्याससुद्धा बहुतेक वेळा इंग्रजीत छापला जातो, महाग असतो आणि ज्या बाईने माहिती दिली तिच्यापर्यंत पोचत नाही. चंद्रा तळपदे मोहंती यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं, की पाश्चात्त्य स्त्रीवादी लिखाणात 'तिसऱ्या जगातली बाई' ही एकजात पिचलेली, मुकी अशी रंगवली जाते. आणि आपल्याकडच्या शहरी, वरच्या जातींतल्या स्त्रीवाद्यांनीही दलित बायकांच्या बाबतीत तेच केलं, हे शर्मिला रेगे यांनी आपल्याला खडसावून सांगितलं. म्हणजे विचारणारा गोरा असो, ब्राह्मण असो की आपल्यातलीच कार्यकर्ती असो, धोका सारखाच आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलायची सवय लवकर लागते.

म्हणून बैठकीत पुढच्या वेळी कोणी 'धर्मात असं आहे' किंवा 'परदेशी विद्वानांनी असं म्हटलंय' असं सांगितलं, तर आपण थांबून तीन गोष्टी विचारू या. हे कोणाला विचारून ठरवलं? त्यात कष्टकरी बाई, दलित बाई, विधवा, परित्यक्ता यांचं म्हणणं आहे का? आणि हे मान्य केलं तर बाईच्या हातात काय येतं आणि हातातून काय जातं? या तीन प्रश्नांपुढे देशी-परदेशी हा भेद गळून पडतो. मनूलाही ते विचारता येतात, मॅक्स म्युलरलाही आणि आपल्या स्वतःलाही.

याला जोडून एक काम आपल्या गटांनी हाती घ्यावं असं संपादक मंडळाला वाटतं. आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोला. त्यांच्या घरात पाट लागला होता का? काडीमोड कशी होत असे? पाट लागल्यावर मुलं कोणाकडे राहिली, जमिनीचं काय झालं, बाईला कोणी विचारलं होतं का? गोड तेवढं लिहू नका, कडूही लिहा. हे काम नुसतं आठवणींचं नाही. हिंदू विवाह कायद्याने रूढीप्रमाणे मिळणारा घटस्फोट अजूनही मान्य केला आहे, पण कोर्टात तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. दीडशे वर्षांपूर्वी कोर्टाने जे ऐकून घेतलं नाही, ते निदान आपल्या दप्तरी नोंदलेलं असू दे. सांगणाऱ्या बाईची संमती घ्या, नको असेल तर नाव घालू नका, आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवा. तिने 'असं नाही, तसं' म्हटलं तर दुरुस्त करा. तेवढं केलं तरी आपण बऱ्याच विद्वानांच्या पुढे जाऊ.

त्या आजींकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्या दिवशी आम्ही त्यांचं वाक्य ऐकलं आणि पुढे गेलो. त्यांच्या आजीला पाट हवा होता की नको होता, हे विचारायचं राहूनच गेलं. ते विचारल्याशिवाय आपल्यालाही परंपरेवर बोलण्याचा फारसा अधिकार नाही.

तुम्ही जमवलेल्या नोंदी पुढच्या अंकासाठी जरूर पाठवा. या लेखाशी मतभेद असतील तर तेही कळवा. आम्ही वाट पाहतो आहोत.

– संपादक मंडळ